वाकलेल्या बाया

शामकलाचा फोटो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला होता. पहाटेचा अंधार, झुडूप, झुडपाआड वाकलेली बाई. तोंड दिसत नव्हतं म्हणून काय झालं? ते हिरवं लुगडं अख्खं चिचगड ओळखत होतं. खाली लिहिलं होतं, ‘उघड्यावर शौच’. आणि तिच्या घराच्या नावापुढे लाल ठिपका.

हागणदारीमुक्तीचं पथक पहाटे चोरपावलांनी यायचं. मोबाईलवर फोटो काढायचा, तालुक्याच्या ग्रुपवर टाकायचा, त्याच मोबाईलवर घराला रंग द्यायचा. हिरवं घर शहाणं. लाल घराचं रेशन बंद.

शामकला जंगलातून थेट इथेच आली होती, मोहफुलांची टोपली कडेवर घेऊन.

“मोहा वेचून राहिली होती मी,” ती म्हणाली. “चैतात बाया अंधारात उठून कायले जंगलात जातेत, तुमाले ठावं नाही का जी?”

ग्रामसेवक टिकेश गोंदिया शहरातला. माणूस वाईट नव्हता, पण मोह्याखाली कधी उभा राहिला असेल तर शपथ! त्यानं छापील कागद पुढे सरकवला.

“चूक झाली, पुन्हा करणार नाही, एवढंच लिहिलंय. अंगठा मारा, उद्या घर हिरवं. कशाला बात वाढवता?”

“माह्या घरी संडास आहे. गावात पयला. खड्डा मीच खोदला.”

“असेल हो बाई. पण मोबाईलमध्ये मोह्याचा रकानाच नाही, त्याला मी काय करू?”

दाराशी देवकाबाई आणि चमेली उभ्या होत्या. त्या पहाटे दोघीही शामकलासोबतच मोहा वेचत होत्या, त्यांचेही फोटो निघाले होते. दोघींनी आताच अंगठे दिले होते. शाई अजून ओली होती.

“दे ना बाई अंगठा,” देवकाबाई खाली मान घालून म्हणाली. “लेकरं उपाशी ठेवशीन का?”

शामकलाच्या डब्यात तांदूळ दोन दिवसांचे होते. तिनं अंगठा शाईच्या डबीपर्यंत नेलासुद्धा. मग तिची नजर पुन्हा फळ्यावर गेली. तिनं टोपली उचलली आणि टेबलावर उपडी केली. पिवळट ओली फुलं कागदावर, शिक्क्यावर, फरशीवर पसरली. खोलीभर वास सुटला.

“घ्या! हेच हागली मी. मोजा!”

टिकेश ताडकन उठला. “हा काय तमाशा लावलाय? उचला आधी सगळं!”

शामकला खाली वाकली. एकेक फूल टोपलीत टाकू लागली.

“काढा ना साहेब फोटो,” ती वर न बघता म्हणाली. “अशीच वाकली होती त्या दिवशी. आता त उजेडही आहे.”

मग देवकाबाई आत आली आणि तिच्या बाजूला वाकली. मागोमाग चमेली.

“अहो, तुम्ही कशाला? तुमची घरं आत्ताच हिरवी केली ना मी!” टिकेशनं मोबाईल वर धरला. “उठा म्हणतो, नाहीतर दोघींना पुन्हा लाल करीन!”

देवकाबाईनं शाईचा अंगठा लुगड्याला पुसला आणि टेबलाखालचं फूल उचलायला आणखी खाली वाकली.