राजुऱ्याची सहावी खेळाडू

उमेरा जर्सींचं गाठोडं सोडत होती, तेवढ्यात राजदीपचा फोन वाजला आणि बोलता बोलता त्याचं तोंड उतरलं. पोस्टात काम करणारा राजदीप राजुऱ्याच्या संघाचा कप्तान होता. फोन संघातल्या नूतनचा होता. ती दवाखान्यात नर्स. ऐन रविवारी सकाळी तिची ड्युटी लागली होती.

"झालं," राजदीप म्हणाला. "दोनच बाया उरल्या. आता न खेळताच हरलो आपण."

टच फुटबॉलची ही लीग तिशी ओलांडलेल्यांसाठी होती. लांबुळका चेंडू हातात धरून समोरच्या रेषेपलीकडे पळायचं. पाडापाडी नाही, हातानं नुसतं शिवलं की पळणाऱ्यानं जागच्या जागी थांबायचं. संघात सहा जण, त्यांत तीन बाया हव्यातच. गडचांदूरचे लोक केव्हाचे मैदानात उतरून अंग मोकळं करत होते. राजुरा पहिले तिन्ही सामने हरलं होतं.

उरलेल्या दोघींतल्या रिनानं उमेराकडे पाहिलं. "भाभी, तुमी या ना."

"मी? मी तं जर्सी द्यायले आली."

"मंग एक घाला त्यातली."

उमेरानं नवऱ्याकडे पाहिलं. बशीर स्कूटरवर बसून होता. दोघं मिळून शिवणकामाचं दुकान चालवत. मैदानाभोवती उभी असलेली अर्धी माणसं त्यांची गिऱ्हाइकं होती. अडतिसाव्या वर्षी आपण यांच्यासमोर धावायचं? शेवटची कधी धावली हेही तिला आठवेना.

बशीरनं हनुवटी खाजवली. "जा ना," तो म्हणाला. "दुकान तो आज बंद ही है."

तिनं ओढणी डोक्यावरून घेऊन मागे घट्ट गाठ मारली, कुडत्यावरच नूतनची जर्सी चढवली आणि चपला स्कूटरपाशी सोडल्या.

पहिली पाच मिनिटं तिला काही उमजेना. चेंडू साबणासारखा हातातून सटके. एकदा तर तिनं आपल्याच राजदीपला शिवलं आणि सगळं मैदान हसलं. तीही हसली. मग रिनानं तिच्याकडे चेंडू टाकला, तो पोटाशी बसला, आणि समोर बघते तर कुणीच नाही. ती पळत सुटली. कानात वारा भरला. मागून कुणीतरी धापा टाकत येत होतं, आणि ते मागेमागेच पडत चाललं होतं. दिवसभर मशीनच्या पायडलवर हलणारे हे पाय एवढी जमीन मागे टाकू शकतात, हे तिला माहीतच नव्हतं. रेषेपलीकडे चेंडू टेकवून ती वळली, तेव्हा बशीर स्कूटरवर उभा राहून टाळ्या पिटत होता.

राजुरा पाच, गडचांदूर चार. वेळ संपल्याची शिट्टी झाली, पण चेंडू गडचांदूरच्या खुशाल सरांच्या हातात होता. नियम असा, की वेळ संपली तरी चेंडूवाला पळू शकतो; त्याला शिवलं की खेळ खलास. सर रेषा ओलांडते तर बरोबरी झाली असती.

खुशाल सर गडचांदूरच्या शाळेत खेळ शिकवायचे. पँट शिवायला मात्र एवढं अंतर तोडून राजुऱ्याला यायचे. माप बशीर घेई, कापड उमेरा कापी. सरांचा डावा पाय उजव्यापेक्षा पाऊण इंच आखूड होता. कधीकाळी मोडलेलं हाड तसंच जुळलं होतं. पहिल्याच खेपेला त्यांनी आवाज उतरवून सांगितलं होतं, "हे इथीच राहू द्या." दहा वर्षं ते तिथंच राहिलं होतं. बुटात जाड तळवा, पँट मापात. कुणाला काही कळत नसे.

सर आले. सकाळपासून ते एकच करत होते. दोन्ही खांदे उजवीकडे टाकायचे, आणि अडवणारा तिकडे झेपावला की डावीकडून निसटायचं. राजदीप फसला. रिना फसली. आता मध्ये एकटी उमेरा होती.

सरांचे खांदे उजवीकडे झुकले. तिनं खांद्यांकडे पाहिलंच नाही. आखूड पायावर जोर देऊन हा माणूस उजवीकडे वळणार नाही, हे तिच्या हातांना ठाऊक होतं. तिनं त्यांच्या डावीकडच्या मोकळ्या जागेत अंग झोकून दिलं. सर तिथंच आले. तिची दोन बोटं त्यांच्या कोपराला लागली.

शिट्टी वाजली. सर जागच्या जागी थांबले. रिनानं धावत येऊन उमेराला मिठीच मारली. राजदीप मैदानभर नाचून आला आणि तिच्यासमोर उभा राहिला.

"भाभी, तुमाले कसं समजलं थो तिकूनच जाईन म्हणून?"

सगळे ऐकत होते. गडचांदूरचेही. खुशाल सर गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होते. त्यांनी मान वर केली आणि तिच्याकडे पाहत राहिले.

उमेरानं जर्सीला लागलेली माती झटकली. "असंच," ती म्हणाली. "अंदाजानं."

"असा कसा अंदाज? सकाळपासून आमाले कोनालेच नाई जमला."

माती निघाली तरी उमेरा झटकत राहिली.

खुशाल सर सावकाश उभे राहिले. त्यांनी बाहीनं कपाळ पुसलं, आणि बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"काऊन छळता भाभीले?" ते म्हणाले. "दहा वर्सांपासून शिवून राह्यल्या त्या मले."