दोन लाद्या

साठीतल्या आईने डोंगरावर तंबूत राहायचं ठरवल्यापासून मुलाचं एकच पालुपद होतं, ‘जमिनीवर झोपलीस तर कंबर धरेल.’ बर्फाच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेली आई वाद घालत बसली नाही. तिने ओळखीने बर्फाच्या दोन लाद्या मागवून ट्रेकिंगच्या दुकानामागच्या अंगणात एकापुढे एक मांडल्या. ‘थंडी वरून पडत नाही, खालून चढते,’ चक्रावलेल्या दुकानदाराला सांगून ती लाद्यांवर दुकानातली एकेक मॅट पसरून आडवी होऊन बघू लागली. पहिली मॅट पाच मिनिटांत गार पडली. दुसरीवर कुशीवर वळताच खुबा बर्फाला टेकला. तिसरी, चार बोटं जाड, तिने फुंकून फुगवली. ‘अर्धा तास टिकलीस तर जा,’ सोबत आलेला मुलगा घड्याळ बघत म्हणाला. अर्ध्या तासाने लाद्यांचं पाणी त्याच्या बुटांपर्यंत आलं. ‘आई, ऊठ.’ आई घोरत होती. तो दुकानदाराकडे वळला. ‘हीच मॅट बांधून द्या, पण तिची झोप झाल्यावर.’