शेगडीच्या उजवीकडे

रिटायर झाल्यावर हिसाओनं जन्मात पहिल्यांदा स्वयंपाकघरात नीट लक्ष घातलं. बायकोचे डाव, उलथणी, झारे सगळे शेगडीच्या डाव्या बाजूला पसरलेले. "ही काय ठेवायची जागा झाली?" म्हणत त्यानं आठवडाभर खपून हिनोकीच्या लाकडाचा देखणा स्टँड केला आणि शेगडीच्या उजवीकडे, भिंतीत चार स्क्रू पिळून पक्का बसवला.

"बघ फुमिए, आता हात पुढे केलास की हवं ते हातात!"

दुसऱ्याच दिवशी मिसो सूप ढवळायला डाव काढताना फुमिएचा हात भाजला. डावा हात, पेटत्या शेगडीवरून आडवा घातलेला.

"अगं, उजवा हात काय शोभेला ठेवलायस?"

"मी डावखुरी आहे."

हिसाओ हसतच सुटला. "काहीतरीच! एकेचाळीस वर्षं बघतोय, उजव्या हातानं तर जेवतेस."

फुमिएनं भाजलेला हात नळाखाली धरला.



"नवी नवरी होते तेव्हा जेवताना सासूबाई माझ्या डाव्या हातावर चॉपस्टिकनं सपासप मारायच्या. तुम्ही समोरच बसून जेवत असायचात."