टेपचं टोक

मुकादमानं टेपचा डबा बेकरीवालीच्या दिराच्या घरापुढच्या दगडी भिंतीवर, अगदी शेवटच्या दगडाशी टेकवला आणि इकडंतिकडं पाहिलं. "ताई, दुसरं टोक कुणी धरतं का? माझी माणसं गाडीतून दगड उतरवताहेत."

बेकरीवाली भट्टीच्या दारात उभी होती, कोपरापर्यंत पिठानं माखलेली. ती पुढं होणार तोच शेजारच्या घरातून शिवणवाल्या मावशी आल्या. गळ्यात मापाची फीत, बाहीला टोचलेली सुई.

"तू राहू दे, तुझे हात बघ," त्या म्हणाल्या. "टेप धरणं हा माझा धंदा आहे."

टोक घेऊन त्या बेकरीच्या मागच्या अंगानं निघाल्या, खड्ड्याला वळसा घालून. तिथं सरपणाची खोली होती. गेल्या उधाणात ती गेली. त्याआधी वाळू गेली होती. दिराची भिंत उभी राहिल्यापासून लाट तिच्यावर आपटायची, भिंतीला घासत सरकायची आणि भिंत संपली की आत वळायची. भिंत संपत होती तिथं बेकरी होती. आता भट्टीखालची जमीन समुद्राकडं कलली होती आणि पाव एका अंगाला झुकलेले निघत. "तुमचे पावही समुद्र बघायला निघाले की काय?" गिऱ्हाइकं विचारायची. तीही हसायची.

दिराची भिंत मोजली तेव्हा हे टोक तिनंच धरलं होतं. कामावरच्या माणसांना गरम पावही दिले होते.

मग भिंत आपल्यापर्यंत यावी म्हणून तिनं कचेरीत खेटे घातले. दर खेपेला मावशी सोबत. बाकावर बसून त्या गिऱ्हाइकांच्या सदऱ्यांना बटणं लावत बसायच्या. साहेबांना त्यांनीच सांगितलं, "हिची भट्टी विझली तर आम्ही सकाळी खायचं काय?" साहेब हसले. काम मंजूर झालं.

ती मुकादमाजवळ गेली. आवाज खाली आणून म्हणाली, "दादा, भिंत माझ्या कोपऱ्याशी संपणार. मग पाणी मावशींच्या घरात वळेल ना?"

मुकादमानं डब्यावरचा अंगठा हलवला नाही. "पाण्याला कुठंतरी जायलाच हवं, ताई."

"मग त्यांच्या घरापर्यंत न्या."

"मंजुरी तुमच्या कोपऱ्यापर्यंतच. आणि त्यांच्यापुढंही कुणाचं तरी घर आहेच की."

"आणि मीच नको म्हटलं तर?"

त्यानं कललेल्या भट्टीकडं पाहिलं. "मग आधी तुमचं जाईल. त्यांचंही जाईलच. जरा उशिरा, इतकंच."

देवाकडं आता काय मागावं ते तिला सुचेना. जे मागितलं होतं ते तर त्यानं दिलंच होतं.

"अहो, हात अवघडला माझा," तिकडून मावशी म्हणाल्या. "मापं काय तोंडी घेताय?"

ती लगबगीनं त्यांच्याकडं गेली. "मावशी, ऐका ना. तुमचं मशीन माझ्याकडं आणून ठेवा. आजच. पुढची खोली रिकामीच आहे."

"तुझ्याकडं बसून शिवलं तर काळं कापडही पांढरं होऊन जाईल."

"चेष्टा नका करू. ते टोक सोडा. मी धरते."

"तू धरलंस म्हणून काय भिंत लांब होणार आहे?" मावशी तिच्याकडं न बघता बोलत होत्या. "मला कळत नाही असं वाटतं तुला? तुझी सरपणाची खोली जाताना खिडकीतून पाहिली आहे मी. आधी खालची वाळू, मग पायरी, मग दार."

"मग कचेरीत कशाला आलात माझ्यासोबत?"

"मग काय सांगायला हवं होतं तुला? भट्टी जाऊ दे म्हणून?"

बेकरीवालीनं हातावरचं पीठ पुसायला घेतलं. ते वाळून चिकटलं होतं, निघेना.

"ताणून धरा, मावशी. हां, तिथंच," मुकादम ओरडला. मग त्यानं टेप खाली ठेवली आणि पांढऱ्या फक्कीचं डबडं उचललं. जमिनीवर मूठमूठ सोडत तो दिराच्या भिंतीपासून निघाला, खड्ड्याच्या कडेनं आला, बेकरीच्या कोपऱ्याशी आला. टोक धरून मावशी तशाच ओणव्या उभ्या होत्या. रेघ त्यांच्या बोटांपाशी येऊन थांबली.

"पाय जरा मागं घ्या, मावशी. खूण करतो."

मावशींनी पाय मागं घेतला. टाच त्यांच्याच उंबऱ्याला लागली.