पांढऱ्या मातीचं कालवण

गुमेर्सिंदाने उकडलेले बटाटे सोलून मुलापुढे ठेवले आणि पांढऱ्या मातीच्या कालवणाचा वाडगा शेजारी सरकवला. "खा बाबा. शहरात हे कुठलं मिळायला!"

बटाटे कडू जातीचे. एवढ्या उंचावर तेवढेच तगतात. एरवी थंडीत ते उघड्यावर गोठवायचे, तुडवायचे, ओढ्यात धुवायचे, की विष निघून जातं. यंदा थंडी पडली ती नावालाच. अशा वर्षी मातीच तारते. ती विष धरून ठेवते, आतड्याला भिडू देत नाही.

तेओदोसिओने बटाटा कालवणात बुडवून तोंडात टाकला. माती नव्हतीच. जवाचं पीठ होतं. म्हातारीने दुसऱ्याच मडक्यात हात घातला होता. त्याचा घसा चरचरला.

"कसं झालंय?"

"फक्कड."

"माझी जीभ मेलीय रे कधीची. गावात बोलले नाही कुणाला. बायका अजून पहिला बटाटा चाखायला माझ्याकडेच आणतात. नाहीतर या थेरडीला विचारतंय कोण?" ती हसली. "पण कडू असता तर तू सांगितलं असतंस."

"सांगितलं असतं की."

त्याने आणखी एक घेतला. शहरातल्या, एल आल्तोच्या डॉक्टरने बजावलं होतं, तुझ्या आतड्याचं अस्तर आधीच झिजलंय. हे विष त्यातल्या पेशींना भोकं पाडतं, मग नको ते रक्तात उतरतं. पण खुललेल्या आईचा हिरमोड त्याच्याने करवेना. वेडा मुलगा, दुसरं काय म्हणायचं!

"नायरा, ये गं." गुमेर्सिंदाने नातीला मांडीवर घेतलं, एक बटाटा फुंकून गार केला, कालवणात बुडवून तिच्या ओठांशी नेला.

तेओदोसिओने आईचं मनगट धरलं. पोर दचकून रडायला लागली.

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. मग वाडग्याकडे.

"कडू आहे?"

त्याने मान खाली घातली.

"मग तू का खाल्लास रे, माझ्या राजा?"

पोटात कळ उठली होती, ती त्याने तशीच दाबून धरली.

गुमेर्सिंदाने नातीला खाली ठेवलं. हातातला बटाटा स्वतःच्या तोंडात घातला आणि डोळे मिटून चावत राहिली, आता तरी कडू लागेल म्हणून.