वडील कशानं गेले?

“वडील कशानं गेले?” डॉक्टरांनी विचारलं.

“सापानं,” देवराव म्हणाले. “नाही तर अजून माझ्या डोक्यावर बसून राहिले असते.”

डॉक्टर हसले नाहीत. तपासताना त्यांना प्रोस्टेट थोडी मोठी लागली होती. हे वयानंही होतं, ते म्हणाले. पण वडिलांना किंवा सख्ख्या भावाला तिथला कॅन्सर झाला असेल, तर थांबायचं नाही. उद्याच तुकडा काढून तपासायचा. नसेल, तर सहा महिन्यांनी पाहू. त्यांनी पुन्हा नीट आठवायला सांगितलं.

देवरावांनी मागे उभ्या असलेल्या मुलीकडे, गोपिकाकडे, एकदा पाहिलं. तिच्या डोळ्यांपुढे खापा गावातली ओसरी आली होती. खाटेवर नत्थूजी, लघवीला नळी, कंबर कोणाला शिवू देत नव्हते. त्यांना तोच कॅन्सर होता. देवराव त्यांना काका म्हणत. डॉक्टरांनी काकांचं विचारलं नव्हतं. तिने मान खाली घातली.

“नाही साहेब,” देवराव म्हणाले. “आमच्या घरात कोणालेच नाही.”

डॉक्टरांनी तसं लिहिलं. बाहेर आल्यावर देवरावांनी बर्डीच्या बाजारात चपला घेतल्या. दोन पावसाळे टिकल्या नाहीत तर परत आणीन, असा दुकानदाराला दमही दिला.

पाचव्या महिन्यात त्यांचे पाय लुळे पडले. कॅन्सर मणक्यात शिरला होता. आठव्या महिन्यात ते गेले.

बाराव्या दिवशी कन्हान नदीच्या घाटावर गुरुजींनी गोपिकाच्या धाकट्या भावाला, अनंतला, तीन पिढ्यांची नावं विचारली. वडील देवराव. आजोबा चंपतराव. पणजोबा रुपराव. अनंत चाळिशीचा होता. नावं त्याने न अडखळता सांगितली. गुरुजींनी पिंडांकडे हात नेला.

“थांबा,” गोपिका म्हणाली.

बायकांमधून तिथे कोणी बोलत नसे. गुरुजींचा हात थांबला. एक काकू तिचा पदर ओढू लागली.

“अनंत, पिंड चंपतराव आबाजींच्याच नावानं दे. त्यायनंच बाबाले दत्तक घेतलं. पण उद्या दवाखान्यात जाजो, अन् तिथं साप सांगू नको. बाबाले जन्म देणारे खाप्याचे नत्थूजी. तेही याच दुखण्यानं गेले.” तिने काकूच्या हातातून पदर सोडवला. “मले त्या दिवशीबी माहीत होतं.”