महिन्याचा तेलभात

छत्तीसच्या छत्तीस पिल्ले नर होती.

क्वोने पालीचे शेवटचे पिल्लू उताणे करून भिंगाखाली धरले आणि शेपटीच्या मुळाशी असलेली बारीक छिद्रांची ओळ पाहिली. बाणाच्या टोकासारखी, ठसठशीत. मादीला ती अशी नसते. त्याने पिल्लू डब्यात सोडले आणि भिंग खिशात टाकले. रिकाम्या गाळ्यात बसायला काही नव्हते, म्हणून तो आणि रुओनान उकिडवे बसले होते. बाहेर कमानीखाली गाळ्याचा मालक सिगारेट ओढत सहीची वाट पाहत होता.

"परत एकदा बघता का, क्वोदादा?" रुओनान म्हणाली.

"दोनदा बघितलं. दुकान काढतेस की लष्कराची छावणी?"

रुओनान हसली नाही. ताइचुंग शहरात फक्त सरपटणाऱ्या प्राण्यांचे दुकान काढायचे, यासाठी तिने प्रयोगशाळेतली नोकरी सोडली होती. बिबट्यासारखे ठिपके असणाऱ्या पाळीव पालींचा एक शेंदरी वाण तिने आठ वर्षे खपून तयार केला होता. त्याच्या माद्या ही दुकानाची पहिली पिढी ठरणार होती. भांडवल क्वोचे होते आणि त्याची अट एकच होती: आधी वीस माद्या दाखव. पाच माद्यांना एक नर पुरतो. दोन नर एका पेटीत ठेवले, तर सकाळी एकच धड सापडते.

या पालींचे लिंग अंड्याला मिळणाऱ्या उष्णतेवर ठरते. सत्तावीस अंशांच्या आसपास बहुतेक माद्या होतात, बत्तीसच्या आसपास बहुतेक नर. उन्हाळ्यात शहरातल्या तिच्या खोलीत सत्तावीस अंश टिकणे अशक्य होते. म्हणून उबवणीची पेटी तिने डोंगरातल्या आईच्या घरी ठेवली, आणि आईला सगळे समजावून सांगितले. दर रविवारी ती जाई, पेटीत वेगळा तापमापक ठेवी आणि आकडा पडताळून पाही. सत्तावीस. एकदाही चूक आढळली नव्हती.

योगायोग तिने सर्वांत आधी बाद केला. छत्तीस वेळा नाणे उडवून छत्तीस वेळा छापा पडत नाही. पेटी बिघडली असती, तर दुसऱ्या तापमापकाने ते सांगितले असते. एक गोष्ट मात्र उरत होती. पिल्ले दोन आठवडे आधीच बाहेर आली होती, जशी जास्त उष्णतेत येतात. तेव्हा तिने, शास्त्र शिकलेल्या बाईने, तो शुभशकुन मानला होता.

"एक वर्ष थांबा," ती म्हणाली. "पुढच्या हंगामात माद्या देते."

"गाळा थांबेल?" क्वो उठला आणि त्याने गुडघे झटकले. "मी पैसे माद्यांवर लावणार होतो, रुओनान. तुझ्या कष्टांवर लावायला मी काही तुझा बाप नाही."

तो मालकाला नाही सांगायला वळला, तेवढ्यात आई दारात उभी राहिली. सकाळच्या बसने ती डोंगरावरून उतरली होती. दोन्ही हातांत जड पिशव्या होत्या आणि कपाळ घामाने चमकत होते.

"उशीर नाही ना झाला? आज महिना पुरा झाला बाळांना," ती म्हणाली. "घ्या, क्वोसाहेब. गरम आहे तोवर खा."

तिने डबा उघडला. तिळाच्या तेलाचा आणि मशरूमचा वास गाळाभर पसरला. चिकट तांदळाचा तेलभात होता आणि त्यावर रंगवलेली दोन लाल अंडी.

रुओनान डब्याकडे पाहत राहिली. घरात मूल महिन्याचे झाले की नातलगांना काय पाठवायचे, हे इथे कोणी कोणाला शिकवत नाही. मुलगा असेल तर तेलभात आणि लाल अंडी. मुलगी असेल तर केक.

"आई," ती हळूच म्हणाली, "तू केक नाही आणलास."

"केक कशाला? सगळे मुलगेच ना?"

"ते आम्हाला आत्ता कळलं. तुला कसं कळलं?"

आई लाजली. मग तिला राहवेना.

"तूच नाही का सांगितलंस, ऊब वाढवली की मुलगे होतात म्हणून? मग मेली ती पेटी कमीवर का ठेवलीस? म्हटलं, विजेचं बिल. पोरगी काटकसर करतेय, मुलींवर भागवतेय. बिल मी भरलं असतं गं!"

"मी सांगितलं होतं तुला. मला मुलीच हव्यात म्हणून."

"म्हणाली होतीस. पण मुलीच हव्यात असं कोण खरंच म्हणतं?" आईने एक डबा बाहेर मालकालाही नेऊन दिला आणि परत आली. "रविवारी तू यायच्या आत आकडा खाली आणून ठेवायचे, नाहीतर ओरडली असतीस. तुम्हा तिघींच्या वेळी नवस केले, काढे प्यायले, सासूची बोलणी खाल्ली. आणि ते सगळं एका बटणात होतं बघ!"

तेलभात नाकारायची रीत नाही. क्वोने दोन्ही हातांनी डबा घेतला, मान लववली आणि तो निघून गेला. आईने उरलेले डबे जमिनीवर ओळीने मांडले. जन्मभर तिने दुसऱ्यांच्या घरचा तेलभात ढवळला होता. हा तिच्या घरचा पहिला होता.

पेटी रविवारी सत्तावीस अंशांवर असे आणि उरलेले सहा दिवस बत्तीसवर. आईला आपल्या मुलीसाठी मुलीपेक्षा काहीतरी चांगले हवे होते.